कॅमेऱ्याची नवी बॉडी घेताना

दसरा-दिवाळीच्या सवलती जाहीर होऊ लागल्या की ज्या घरात एखादा हौशी छायाचित्रकार आहे, तेथे एक जुनीच चर्चा नव्याने सुरू होते. सात-आठ वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला डीएसएलआर कॅमेरा, त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ची लेन्स, पुढे कधीतरी पक्ष्यांच्या नादाने घेतलेली लांब पल्ल्याची दुसरी लेन्स, असा सगळा संसार कपाटात असतो. फोटो चांगले येतात, पण मनासारखे येत नाहीत. दुकानदार म्हणतो, "साहेब, आता बॉडी बदला." आणि घरातून प्रश्न येतो, "असलेल्या कॅमेऱ्याला काय झालंय?"

हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. बॉडी घेण्यापूर्वी विचारावा असा सर्वांत कामाचा प्रश्न तोच आहे.

बॉडी म्हणजे लेन्स नसलेले कॅमेऱ्याचे नुसते धड. सेन्सर, आरसा, शटर, फोकस साधणारी यंत्रणा आणि डोळा लावून पाहायची खिडकी हे सारे या धडात असते. त्याची किंमत काही हजारांपासून अडीच-तीन लाखांपर्यंत कुठेही असू शकते. मध्यमवर्गीय घरात हा पैसा सहलीतून, फ्रीज बदलण्यातून किंवा मुलांच्या क्लासच्या फीमधून वेगळा काढलेला असतो. त्यामुळे तो नेमका कशासाठी मोजायचा, हे आधी ठरलेले बरे.

मेगापिक्सेलचे गणित

दुकानात पहिली चर्चा होते ती मेगापिक्सेलची. वस्तुतः आज ती सर्वांत कमी महत्त्वाची बाब आहे. निकॉनचा डी ३५०० हा २०१८ साली आलेला, नवशिक्यांसाठीचा कॅमेरा २४.२ मेगापिक्सेलचा आहे. त्याच कंपनीचा २०१४चा डी ७५० कितीतरी महाग, मोठ्या सेन्सरचा आणि लग्नसमारंभ टिपणाऱ्या अनेक व्यावसायिकांचा आवडता. त्याचे मेगापिक्सेल किती? २४.३. म्हणजे या आकड्यावरून दोघांतला फरक कळायचा नाही.

चोवीस मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर त्यातून २० बाय १३ इंचांचा फोटो सहज निघतो. बारा मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यातूनही १४ बाय ९ इंचांचा निघतो. मेगापिक्सेल दुप्पट झाले की फोटोही दुप्पट लांब-रुंद होतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक बाजू सुमारे १.४ पटच वाढते. शिवाय बहुतेक फोटो शेवटी मोबाइलच्या पडद्यावरच पाहिले जाणार असतील, तर वाढलेल्या ठिपक्यांचा भार मात्र घरच्या संगणकाला सोसावा लागतो. निकॉन डी ८५० हा २०१७चा कॅमेरा ४५.७ मेगापिक्सेलचा आहे. त्याची एकेक रॉ फाइल ५० एमबीच्या आसपास जाते. एका सहलीत हजार फोटो काढले, तर पन्नास जीबी झाले. बॉडीबरोबर मोठी हार्ड डिस्क, वेगवान कार्डे आणि कदाचित नवा संगणकही घ्यावा लागतो. हा खर्च दुकानदार सांगत नाही.

अंधारातले फोटो

'कमी उजेडात फोटो खराब येतात' ही बॉडी बदलू पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार. गणपतीची आरती, शाळेचे स्नेहसंमेलन, हॉलमधला साखरपुडा. आयएसओ वाढवला की फोटोत वाळू पसरल्यासारखे कण दिसतात, न वाढवला तर फोटो हलतो. मग कोणीतरी सल्ला देतो, 'फुल फ्रेम घ्या.'

सल्ला अगदीच खोटा नाही. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. नेहमीच्या निकॉन डीएसएलआरमधला लहान सेन्सर २३.५ बाय १५.६च्या आसपास, आणि कॅननमधला त्याहूनही जरासा छोटा. क्षेत्रफळ पाहिले तर फुल फ्रेम निकॉनच्या लहान सेन्सरच्या सव्वादोन पट, आणि कॅननच्या सुमारे अडीच पट भरते. जास्त क्षेत्रफळावर जास्त प्रकाश पडतो, म्हणून फोटो स्वच्छ येतो.

पण आता लेन्सचे गणित पाहा. किटमधली लेन्स ५५ मिलिमीटरला फार तर एफ/५.६ इतकीच उघडते. पन्नास मिलिमीटरची साधी, एफ/१.८ची लेन्स तिच्या जवळजवळ दहा पट प्रकाश आत घेते. एकीकडे सव्वादोन-अडीच पट, दुसरीकडे दहा पट! आणि ही पन्नासची लेन्स कॅनन आणि निकॉन दोघांच्याही यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी आहे. ती लावल्यावर झूम करता येत नाही, पुढे-मागे चालावे लागते, आणि फोकस किंचित चुकला तर नाक स्पष्ट आणि डोळे धूसर असा प्रकार होतो, हे खरे. तरीसुद्धा आरतीच्या फोटोंसाठी बॉडी बदलायला निघालेल्या माणसाने आधी ही लेन्स वापरून पाहावी. पुष्कळांचा बॉडीचा विचार तेथेच मागे पडतो.

नवी बॉडी खरोखर हवी आहे का, हे ठरवण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग आहे. मागच्या वर्षभरात बिघडलेले शंभर फोटो काढून बसावे. चांगले नव्हे, बिघडलेले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये शटरचा वेग, आयएसओ, लेन्सचा पल्ला, सारे नोंदलेले असते. हात हलल्याने बिघडलेले किती, माणूस हलल्याने किती, फोकस भलतीकडेच गेल्याने किती, पक्षी इवलासा आल्याने किती, आणि चौकटच चुकल्याने किती, असे गट करावेत. रविवारच्या एका दुपारचे काम आहे. हात हलल्याचे फोटो जास्त असतील तर तिपाई हवी, खोलीतले काळवंडलेले जास्त असतील तर वरच्या छताकडे वळवता येणारा फ्लॅश हवा. चौकट चुकलेल्यांना कोणतीही बॉडी उपयोगाची नाही.

मात्र 'कॅमेऱ्याने फोकस पकडेपर्यंत क्षण निघून गेला' असे फोटो तीस-चाळीस निघाले, तर बॉडीचा विचार रास्त आहे. डी ३५००मध्ये फोकसचे बिंदू ११ आहेत, डी ७२००मध्ये ५१. कॅननच्या १५०० डीमध्ये ९, तर ८० डीमध्ये ४५. धावणारे मूल, कबड्डीचा खेळाडू, उडणारा बगळा यांच्या बाबतीत हा फरक प्रत्यक्ष फोटोत दिसतो.

वरच्या श्रेणीच्या बॉडीत आणखी काही गोष्टी मिळतात, ज्यांची जाहिरात कोणी मोठ्या अक्षरांत करीत नाही. आरशांऐवजी काचेच्या लोलकाची, मोठी आणि उजळ दिसणारी खिडकी. अंगठ्याला एक आणि तर्जनीला एक अशी दोन चाके, म्हणजे मेनूत न शिरता शटर आणि अॅपर्चर दोन्ही बदलता येतात. धूळ-पावसाच्या शिंतोड्यांपासून थोडेफार संरक्षण. आणि काही बॉडींत कार्डाच्या दोन खाचा. जो दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढतो, त्याच्या दृष्टीने ही दुसरी खाच बाकी सगळ्या वैशिष्ट्यांपेक्षा मोलाची आहे. एक कार्ड ऐनवेळी बिघडले तरी सप्तपदी दुसऱ्यावर उतरलेली असते. सप्तपदी काही पुन्हा करून घेता येत नाही! घरगुती हौसेसाठी मात्र या खाचेपायी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

जुन्या लेन्सांचे काय?

बॉडी बदलताना सर्वाधिक पैसा वाया जातो तो या मुद्द्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे. कॅननचे ईएफ माउंट १९८७पासूनचे आणि निकॉनचे एफ माउंट तर १९५९पासूनचे. एकाची लेन्स दुसऱ्याला बसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण एकाच कंपनीच्या आतही मेख असते.

कॅननच्या ईएफ-एस लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेल्या आहेत. कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर त्या बसतच नाहीत. किटमधली १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही त्यातल्याच. म्हणजे ६ डी किंवा ५ डी घेणाऱ्याला जुन्या दोन्ही लेन्स विकाव्या लागतात, आणि विकताना येणारी किंमत पाहून वाईट वाटते. निकॉनच्या लहान सेन्सरच्या लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतात, पण बॉडी मग सेन्सरचा मधला भागच वापरते. चोवीस मेगापिक्सेलचे साधारण दहा उरतात. त्यासाठी का फुल फ्रेम घ्यायची?

निकॉनची दुसरी मेख उलट दिशेची आहे आणि तिचा फायदा होतो. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे जुन्या एएफ-डी जातीच्या लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. डी ९०, डी ७००० मालिका, डी ७५०, डी ८५० यांत ती मोटर आहे. वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या दोन उत्तम एएफ-डी लेन्स ज्याच्या घरी पडून आहेत, त्याला डी ५००० मालिकेतून डी ७००० मालिकेत जाणे दुहेरी फायद्याचे ठरते.

समजा, एखाद्याने बॉडीसाठी ऐंशी हजार बाजूला काढले आहेत. ते सगळे फुल फ्रेम बॉडीवर खर्च झाले, तर तिला शोभेल अशी लेन्स घ्यायला पैसा उरत नाही आणि मोठ्या सेन्सरवर जुनीपुरानी लेन्स लावून काम चालवावे लागते. निम्मे पैसे लहान सेन्सरच्या वरच्या श्रेणीच्या बॉडीवर आणि निम्मे चांगल्या लेन्सवर लावले, तर येणारे फोटो बहुधा सरस असतात. बॉडीची किंमत दरवर्षी झपाट्याने उतरते. चांगली लेन्स मात्र दहा वर्षांनीही बरी किंमत आणते आणि तोवर तीन बॉडींवर फिरते.

पक्षी आणि वन्यप्राणी टिपणाऱ्यांनी तर फुल फ्रेमच्या मोहात सहसा पडू नये. लहान सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० किंवा ४८०सारखी वागते. भिगवणच्या पाणवठ्यावर नावेत बसून रोहित टिपणाऱ्याला ही फुकटची वाढ सोडून देणे परवडत नाही. निकॉनचा डी ५०० आणि कॅननचा ७ डी मार्क टू हे दोन्ही लहान सेन्सरचे, सेकंदाला दहा फोटो घेणारे कॅमेरे याच मंडळींसाठी निघाले होते. आता ते मुख्यत्वे सेकंडहँडच शोधावे लागतात.

आरसा राहणार की जाणार?

डीएसएलआरमध्ये पैसे घालावेत की नाही, हा प्रश्न आज टाळता येत नाही. सोनीने २०१३ साली आरसा नसलेला फुल फ्रेम कॅमेरा आणला. कॅनन आणि निकॉन २०१८मध्ये त्या वाटेने गेले. २०२० साली निकॉनचे डी ७८० आणि डी ६, तसेच कॅननचे १डी एक्स मार्क थ्री आणि ८५० डी हे कॅमेरे आले. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. सोनीनेही २०२१मध्ये आपली जुनी मालिका गुंडाळली. पेंटॅक्स तेवढी आरशाला धरून आहे, पण तिचा पसारा लहान.

मिररलेसचे फायदे खरे आहेत. ते डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात, फोटो किती उजळ येणार हे बटण दाबण्यापूर्वीच खिडकीत दिसते आणि मंगलाष्टकांच्या वेळी खटखट आवाज होत नाही. उणिवाही आहेत. डी ८५०च्या एका बॅटरीवर प्रमाणित चाचणीत १,८४० फोटो निघतात, निकॉनच्याच झेड ६वर ३१०. प्रत्यक्षात दोन्हींवर याहून बरेच जास्त निघतात, पण प्रमाण साधारण हेच राहते. ट्रेकला जाणाऱ्याने जादा बॅटऱ्यांचा खर्च धरूनच हिशेब करावा.

जुन्या लेन्सांच्या दृष्टीने बातमी बरी आहे. ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिलिमीटरवर असतो, कॅननच्या नव्या आरएफ माउंटमध्ये २०वर. मधल्या २४ मिलिमीटरच्या जागेत अॅडॉप्टर बसतो आणि ईएफ, ईएफ-एस दोन्ही लेन्स स्वयंचलित फोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स तशाच चालतात, पण एएफ-डी लेन्सांचा फोकस हाताने करावा लागतो. नव्या मिररलेसची लेन्स जुन्या डीएसएलआरवर मात्र कधीच बसत नाही.

तेव्हा ज्याच्याजवळ काहीच नाही आणि जो आज शून्यापासून सुरुवात करतो आहे, त्याने मिररलेसकडे जावे. ज्याच्याजवळ तीन-चार लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या असा संच आहे आणि खिसा मर्यादित आहे, त्याच्यासाठी वरच्या श्रेणीचा वापरलेला डीएसएलआर हा आजचा सर्वांत किफायतशीर सौदा आहे. व्यावसायिक मंडळी मिररलेसकडे वळल्यामुळे एके काळी अशक्य वाटणाऱ्या बॉडी आता नवशिक्यांच्या आवाक्यात आल्या आहेत.

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्ट भागातला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकाजवळचे कुचा चौधरी मार्केट, कोलकात्यात मेट्रो गल्ली ही या व्यवहाराची जुनी ठिकाणे. कुठेही जा, आपले मेमरी कार्ड, आपली लेन्स आणि शक्य असल्यास लॅपटॉप बरोबर घ्या. घाईच्या संध्याकाळी जाऊ नका.

पहिली चौकशी शटर किती वेळा चालले याची. डी ७५०चे शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेले आहे, डी ८५०चे दोन लाख, कॅनन ६ डीचे एक लाख. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कार्डावर एक फोटो काढून तो वाचता येतो. कॅननच्या बऱ्याच बॉडींत तो असा मिळत नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा वेगळ्या सॉफ्टवेअरने पाहावा लागतो. लग्नाचा फोटोग्राफर एका समारंभात अडीच हजार फोटो काढत असेल, तर चाळीस लग्नांत एक लाख झाले! तेव्हा 'फक्त दोन सीझन वापरलाय' या वाक्याने हुरळून जाऊ नये. अर्थात दीड लाख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. शटर पुढेही चालू शकते आणि बदलूनही मिळते. त्या बदलाचा खर्च विचारून तो किमतीतून वजा करून मागावा.

मग लेन्स एफ/१६ला ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसेल. धूळ पुसता येते, ओरखडा पुसता येत नाही. लेन्सवर झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढला, तर सतत उजळलेले बिंदू दिसतात. कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून पाहावे. सीएफ कार्ड घेणाऱ्या जुन्या बॉडींत आतली पिन वाकलेली असते, आणि ते दुखणे महागात पडते. हाताच्या पकडीचे रबर सुटले आहे का, प्रत्येक बटण आणि चाक चालते का, फ्लॅश लावला की पेटतो का, बॅटरी फुगून अडकते का, हे सारे लाज न बाळगता तपासावे. खरा विक्रेता रागावत नाही.

कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या मालाची आणखी एक तपासणी लागते, बुरशीची. चार महिने बंद कपाटात, कातडी पिशवीत ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या खिडकीत आणि लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. लेन्सच्या मागून टॉर्च धरला की ते दिसतात. असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

बॉडीच्या तळाशी असलेला क्रमांक मूळ बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. बिल नाही, खोका नाही, चार्जर दुसऱ्याच कंपनीचा, असा कॅमेरा चोरीचा असण्याची शक्यता असते.

नवी बॉडी घेणाऱ्यांसाठी बिलाचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. डिजिटल कॅमेऱ्यावर २०१७ साली २८ टक्के जीएसटी होता, १ जानेवारी २०१९पासून तो १८ टक्के झाला. 'बिलाशिवाय घ्या, अठरा टक्के वाचतील,' असे हळूच सांगणारे दुकानदार भेटतात. बिल नसलेला किंवा परदेशातून परस्पर आलेला माल भारतातल्या वॉरंटीत बसत नाही, म्हणजे पहिल्याच दुरुस्तीत ते अठरा टक्के निघून जातात. लग्नाचे काम करणारा जीएसटी नोंदणीकृत असेल, तर त्याला पक्क्या बिलावर करवजावटही मिळू शकते. त्याने बिल सोडणे म्हणजे स्वतःचेच पैसे सोडणे.

आणि पैसे देण्यापूर्वी ती बॉडी, तिच्यावर रोजची लेन्स लावून, दहा मिनिटे हातात धरून उभे राहावे. डी ८५० बॅटरी आणि कार्डासह एक किलोच्या घरात जातो. दुकानात तो वजनदार आणि भारदस्त वाटतो. राजगडाच्या चढावर किंवा सहलीत मूल कडेवर असताना तो घरीच ठेवावासा वाटतो. करंगळीला खाली जागा उरते का, चष्म्यासकट खिडकीचे चारही कोपरे दिसतात का, अंधारात बटणे बोटांना सापडतात का, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसते.

खरेदी झाली की पहिल्या आठवड्यातच दोन-तीनशे फोटो काढून टाकावेत. दोष असेल तर तो बदलून देण्याची मुदत संपण्याआधी कळलेला बरा. जुनी बॉडी विकायची असेल, तर तीही लगेच विकावी. सहा महिन्यांनी तिचे मोल आणखी उतरलेले असते. किंमत फारच कमी येत असेल, तर किटमधल्या लेन्ससह ती घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्यात अडकवावी, पट्टा थोडा आखूड करून.